हैबतरावाच्या तीन चौक्या

साळूबाईची परात सकाळपासून सापडत नव्हती. पीठ काढून ठेवलेलं, चुलीवरचा तवा तापून धुरायला लागलेला आणि परात गायब. तिनं माळा पाहिला, गोठ्यात डोकावली, भिंतीवरून शेजारच्या गोजराबाईला हाक मारून विचारलं. शेवटी अंगणातून पाच-सहा बाप्यांचा "आला, आला, बुडबुडा आला" असा एकदम गलका झाला आणि परातीचा पत्ता लागला.

अंगणात तिचे मालक हैबतराव गुडघे टेकून बसले होते. पुढ्यात परात, परातीत पाणी आणि पाण्यात मोटारसायकलची ट्यूब. भोवती मालेगावचे, म्हणजे मुळशीच्या वाटेवरच्या आमच्या माले गावचे टाळकरी वाकून उभे होते. देवावर अभिषेक चाललाय आणि धार कुठं पडते ते बघायचंय, अशा भावानं सगळे त्या बुडबुड्याकडे बघत होते.

"अवो, माजी परात."

"दोन मिंटं थांब. भोक गावलंय."

"भोक गावलं तर जपून ठेवा. भाकऱ्या कशात मळू? टायरात?"

"साळू, ही साधी ट्यूब न्हाई. हिच्यावर घरान्याची अब्रू हाय."

साळूबाईनं अब्रूकडे एकदा पाहिलं. तिच्यावर आधीच सात ठिगळं होती. ती आत गेली आणि गोजराबाईची परात मागून आणून तिनं भाकऱ्या थापल्या.

आता परात अंगणात का गेली, हे सांगायचं तर गेल्या सालच्या सप्त्यापर्यंत मागं जायला हवं. माल्याच्या मारुतीपुढं दर चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस काकडा, हरिपाठ, कीर्तन, जागर. सातव्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला काल्याचं कीर्तन संपतं, दह्याची हंडी फुटते आणि मग गाव जेवतं. काल्याआधी कोणी तोंडात पाणीसुद्धा घालत नाही. आणि काल्याचं कीर्तन करायचे भिवाजीबुवा कासारसाईकर. काय सांगावं त्यांच्या गळ्याचं. बुवांनी नुसतं "रामकृष्णहरी" म्हटलं तरी म्हातारी माणसं पायातलं दुखणं विसरून उभी राहत.

या बुवांना कासारसाईहून आणायचा मान हैबतरावांच्या घराचा. आजोबा पायी जाऊन आणत, वडील घोडीवरून आणत आणि हैबतराव फटफटीवरून. लढाईत ते पलटणीत डाक पोचवणारे स्वार होते. सुटून आल्यावर त्यांनी खडकीच्या लिलावातून मिलिटरीची मोटारसायकल उचलून आणली. ती सुरू झाली की देवळातली कबुतरं उडून पार ओढ्यापलीकडं जाऊन बसत.

गेल्या साली घोटावड्याच्या खिंडीत मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. जवळ ना पंप, ना ठिगळ. हैबतरावांनी पलटणीतली युक्ती केली आणि टायरात गवताचा पेंढा कोंबला. पेंढ्यावरून पंधरा मैल बसून आलेले बुवा देवळात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ते कीर्तनाला उभे राहिले ते रात्रीपर्यंत उभेच राहिले, कारण बसायची सोय उरली नव्हती. तोवर गाव उपाशी. पोरं रडून रडून झोपली, आणि सत्तरी ओलांडलेले येसाजीआबा दोनदा भोवळ येऊन पडले.

शुद्धीवर आल्यावर आबांनी बैठक बोलावली. सप्त्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"हैबती, फुडल्या साली बाराच्या आत बुवा देवळात दिसलं न्हाईत, तर बुवा आनायचा मान नथूच्या दमणीला."

नथूची छपराची दमणी आणि तिचे दोन पांढरे बैल यांच्यावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त जीव. तेव्हापासून तो वर्षभर भेटेल त्याला एकच वाक्य ऐकवत होता. लग्नात भेटला तरी, मातीला भेटला तरी.

"दमणीला पंक्चर न्हाई होत."

हे वाक्य हैबतरावांच्या जिव्हारी लागलं होतं. आजोबांनी पायी राखलेला मान नातवानं चाकावर घालवायचा, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. मग त्यांनी लढाईत करतात तशी आखणी केली. कासारसाई ते माले, मधे तीन चौक्या. पहिली घोटावड्याच्या खिंडीत, दुसरी पौडच्या वेशीवर, तिसरी पौडच्या पुढं ओढ्याच्या फरशीपाशी. प्रत्येक चौकीवर पाच माणसं, हातपंप, टायर उचकायच्या लोखंडी टाम्या, ठिगळं, ती चिकटवायच्या सोलुशनची नळी आणि बुडबुडा बघायला पाण्याचं घमेलं. एकजण गाडी धरील, एकजण टायर उचकील, एकजण भोक शोधील, एकजण ठिगळ लावील, एकजण हवा भरील. वाटेत कुठंही काटा लागो, चौकी हाकेच्या अंतरावर.

पंधरा माणसं आणायची कुठून? आधी त्यांनी शेतातली तगडी गडीमाणसं घेऊन पाहिली. त्यांनी पंप असा मारला की दांडाच हातात आला. शिवाय पाचजण एका चाकाभोवती जमले की एकमेकांच्या बोटांवर टामी पडायची. मग एका संध्याकाळी हरिपाठ ऐकताना हैबतरावांच्या डोक्यात उजेड पडला. चौदा टाळकरी देवापुढं नाचत होते, मागं सरत होते, गिरक्या घेत होते आणि एकाचाही धक्का दुसऱ्याला लागत नव्हता. माणसं पाहिजेत ती ही.

आणि खरंच, टाळकऱ्यांनी पंप हातात घेतला आणि काम लयीत आलं. "विठ्ठल" म्हणताना दांडा वर, पुन्हा "विठ्ठल" म्हणताना खाली. पखवाजवाला बहिरू तर हिराच निघाला. त्याची बोटं तीस वर्षं पखवाजाच्या शाईवर घडलेली. टायरात आतून हात फिरवला की काटा कुठं आहे ते डोळे मिटून सांगायचा. महिनाभर अंगणात तालीम चालली. रोज चांगल्या ट्यूबला दाभणानं भोक पाडायचं आणि रोज बुजवायचं. अर्ध्या घटकेचं काम सात मिनिटांवर आलं. चौदा टाळकरी आणि एक पखवाजवाला, बरोबर पंधरा. हैबतरावांना वाटलं, हा हिशेब प्रत्यक्ष मारुतीनंच जुळवून दिला.

काल्याच्या आदल्या दिवशी साळूबाईनं वाढता वाढता विचारलं, "समदी टाळकरी मंडळी चौक्यांवर जानार?"

"समदी."

"मग टाळ?"

"टाळ देवळात खुंटीला हायेत. त्ये कुटं जात्यात? तू बुंदीचं बघ."

साळूबाई बुंदीचं बघायला गेली.

काल्याचा दिवस उजाडला. काकडा आटोपून पंधराजण पंप-घमेल्यांसह पहिल्या एसटीत चढले. कंडक्टरनं विचारलं, "कुटं विहीर खनायची हाय काय?" एसटीमागोमाग हैबतराव फटफट करत निघाले. देवळात वीणा गळ्यात घालून एकटे येसाजीआबा उभे राहिले. बाकीचे बापे मांडवामागं मोठ्या कढयांशी झटत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही टाळ वाजवता येत नव्हता.

साडेआठला हैबतराव बुवांना मागं बसवून कासारसाईहून निघाले. बुवांनी उपरण्यात एक उशी गुंडाळून आणली होती. गेल्या सालची आठवण.

"हैबतराव, औंदा पेंढा न्हाई ना?"

"बुवा, औंदा काट्यानं नुसतं डोकं वर काढावं. पंधरा मानसं टपून बसल्यात."

खिंडीच्या चढावर मधोमध लाल मुंडासं हलताना दिसलं. पहिल्या चौकीचा म्होरक्या धुळाजी, मेंढरांमागं डोंगर तुडवणारा धनगर, मुंडासं काढून हलवत होता. मागं चौघं घमेलं, पंप आणि टाम्या घेऊन ओळीत उभे.

"झालं का पंक्चर?" धुळाजीनं आशेनं विचारलं.

"न्हाई झालं. बाजूला व्हा, जाऊ द्या."

"असं कसं जाऊ द्या? तुमीच सांगितलंय, दोनी चाकं फिरवून काटा बगितल्याबिगर चौकी सोडायची न्हाई. डोईवरनं पानी वर आनलंय आमी. सांडलं न्हाई थेंबभर."

आपणच दिलेला हुकूम. हैबतराव उतरले. गाडी उभी केली, चाकं फिरवली, रबराच्या खाचेतला एकेक खडा दाभणानं उकरून काढला. बुवा येणार म्हणून धुळाजीनं शेळीचं धारोष्ण दूध ठेवलं होतं. बुवांना काल्याआधी दूध चालेना, आणि ते नाही म्हणाले म्हणून धुळाजी रुसला. त्याची समजूत घालायला बुवांनी दूध डोळ्यांना लावून परत दिलं. मग पाचही जण पाया पडले. यात अर्धा तास गेला.

"चला, आमचं काम झालं," धुळाजी म्हणाला. "आमी निगतो गावाकडं."

"कशानं?"

"पायी. परतीची एसटी सांजंला हाय."

हैबतरावांच्या मनात काहीतरी टोचलं. पण नेमकं काय टोचलं ते कळायच्या आत फटफटी उताराला लागली.

पौडच्या वेशीवर दुसरी चौकी. म्होरक्या वाल्मीक. तो गावात सगळ्यात पुढं उभा राहून टाळ धरायचा, आवाज खणखणीत, स्वभाव शिस्तीचा. त्यानं रस्त्यावर चुन्याची रेघ मारून ठेवली होती आणि गाडी रेघेवरच उभी करायला लावली. एक हात मागं, एक हात पुढं, चार वेळा. मग पुन्हा चाकं फिरवली, पुन्हा खडे उकरले, पुन्हा पाचजण पाया पडले.

"पंक्चर?" वाल्मीकनं विचारलं.

"न्हाई बाबा."

"बारीकसं बी न्हाई?"

"न्हाई."

वाल्मीकनं घमेल्यातल्या पाण्याकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. बुवा मात्र मघापासून त्या पाच तोंडांकडं निरखून बघत होते.

"हैबतराव, ह्यो वाल्मीक न्हवं? माज्या उजव्या हाताला असतो त्यो?"

"व्हय बुवा."

"आनि खिंडीतला धुळाजी डाव्या हाताला. फुडल्या चौकीवर कोन हाय?"

"बहिरू. आनि राहिल्याली मंडळी."

"आसं." बुवांनी उशी सारखी केली. "समदी हितंच हायेत, तर देवळात टाळ कोन धरनार? पखवाज कोन वाजवनार?"

हैबतरावांनी मागं खिंडीकडं पाहिलं, मग पुढं रस्त्याकडं पाहिलं. लढाईत त्यांनी दऱ्याखोऱ्यांतून डाक पोचवली होती, पण डाक पोचेल तिथं पलटणच नसेल, असं कधी झालं नव्हतं. टाळकऱ्यांवाचून वारकरी कीर्तन म्हणजे काय? बुवांनी चरण म्हणायचा आणि पुढं कढईतल्या बुंदीनं तो धरायचा?

"बुवा, बहिरूला मागं बशिवतो. पखवाज तरी व्हईल," ते कसंबसं म्हणाले. "बाकीचे पळत येत्याल."

"सात मैल?"

"सवय हाय त्यांना. गिरक्या घेत्यात की देवापुढं."

वाल्मीकच्या टोळीला पळायला सांगून हैबतरावांनी गाडी पिटाळली. साडेदहा वाजले होते. अजून वेळ होता. बहिरूला उचलायचा, तिघं बसायचं आणि अकराला देवळात.

ओढ्याच्या फरशीपाशी बहिरू रस्त्यातच मांडी घालून बसला होता. हैबतराव ओरडले, "बहिरू, ऊठ, बस मागं." पण बहिरू महिनाभर एकाच क्षणाची वाट बघत होता. तो उठून मागच्या चाकाशी गेला, डोळे मिटले आणि टायरावरून बोटं फिरवायला लागला. फिरवता फिरवता थांबला.

"हितं काय तरी हाय."

"काय बी न्हाई. येळ न्हाई रं."

"दादा, माजी बोटं खोटं बोलत न्हाईत. आतनं गाठ लागतीया. काटा हाय. आत्ता न्हाई काढला तर देवळाच्या पायरीला भुस्स व्हईल."

हैबतराव गाडीवरून उतरले. देवळाच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर, नथूसमोर भुस्स. "काढ," ते म्हणाले.

मग तालमीतलं काम सुरू झालं. एकानं गाडी धरली, एकानं हवा सोडली, एकानं टामी घातली. बहिरूनं आत हात घालून गाठ शोधली. ते गेल्या साली लावून घेतलेलं जुनं ठिगळ निघालं. काटा नव्हता. काहीच नव्हतं.

"बरं झालं, खात्री झाली," बहिरू म्हणाला. टायर परत बसवला, टामीनं कड आत ढकलली, दोघांनी "विठ्ठल विठ्ठल" म्हणत लयीत हवा भरली. चाक गोल झालं. आणि आतून बारीक शीळ ऐकू आली. टायर बसवताना टामीनं ट्यूब चिमटली होती.

मग चौकीवरच्या पाचही जणांच्या तोंडावर हळूहळू समाधान पसरलं.

"झालं पंक्चर," बहिरू घमेलं पुढं ओढत म्हणाला.

पुन्हा टायर उघडला. घमेल्यात बुडबुडा आला, भोक सापडलं, काचकागद फिरला, ठिगळ तयार झालं. बहिरूनं सोलुशनची नळी दाबली. मग पिळली. मग दगडावर ठेवून वरून टाचेनं दाबली. नळीतून हवा आली. महिनाभराच्या तालमीत रोज एक ठिगळ लावून लावून तिचा अर्क संपला होता.

"दुसरी नळी?"

"पौडला. वाल्मीकपाशी."

"आनि जादाची ट्यूब?"

"तुमीच म्हनला, मधल्या चौकीला ठेवा. दोनीकडनं सारखं अंतर पडंल."

बुवा फरशीच्या कठड्यावर उशी घालून बसले आणि डोळे मिटून नामस्मरण करायला लागले. त्यांना या गावाची आता सवय झाली होती. ऊन चढलं. बाराचा सुमार झाला. पौडकडून धावत येणाऱ्या वाल्मीकची धूळ अजून दिसत नव्हती. पाय घसरून त्यांचं घमेलं नळी-ट्यूबसकट दरीत गेलं म्हणून ते वाटेत भांडत थांबले होते, हे मागाहून कळलं.

धूळ दिसली ती दुसऱ्या बाजूनं. दोन पांढरे बैल, घुंगरांचा आवाज, छपराची दमणी. नथूनं कासरा ओढला.

"सहज आलो हुतो," नथू म्हणाला. "बैलांना पानी दावायला."

"तीन मैलावर?"

"बैल शौकीन हायेत." त्यानं उघड्या टायराकडं, रिकाम्या नळीकडं, घमेल्याकडं सावकाश पाहून घेतलं. वर्षभर म्हटलेलं वाक्य त्यानं आता म्हटलं नाही. ते न म्हणणंच हैबतरावांना जास्त लागलं. "बुवा, बसता का?"

बुवा बसले. चौकीची पाचजणं मागं लटकली. थोड्या वेळानं धापा टाकत वाल्मीकची टोळी आली, तीही मागून चालू लागली. आणि सगळ्यांच्या मागं घरचा मान ढकलत हैबतराव. मागचं चाक प्रत्येक फेऱ्याला एकदा धप्प वाजत होतं. त्या धप्पासरशी त्यांना आजोबा दिसत होते, वडील दिसत होते, आणि उपाशी गाव तर फारच स्पष्ट दिसत होतं. पोरं रडत असतील. आबा पडले असतील. वेशीतून आत कसं शिरायचं?

वेशीशी आल्यावर बैलांनी कान टवकारले. देवळातून टाळांचा आवाज येत होता.

"कोन वाजवतंय?" वाल्मीक म्हणाला. "टाळ तर आमचं हायेत."

"पखवाज?" बहिरू म्हणाला. तो थाप ओळखत होता आणि ओळखतही नव्हता.

सगळे पायताणं काढून मांडवाच्या कडेशी उभे राहिले. झालं होतं ते असं. सप्त्याची वीणा एकदा देवापुढं उभी राहिली की सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात. येसाजीआबा काकड्यापासून उभे होते आणि त्यांना सोडवणारे सगळे चौक्यांवर होते. दहाच्या सुमाराला आबांना निकडीनं बाहेर जायची वेळ आली. वीणा खाली ठेवता येत नाही, घेऊन जाता येत नाही, आणि कढईवरच्या बाप्यांचे हात तुपानं माखलेले. आबांनी पाय आवळत चारीकडं पाहिलं. साळूबाई फुलं घेऊन आली होती. "सूनबाई, मान फुडं कर," आबा म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता वीणा तिच्या गळ्यात घालून पळाले.

परत आल्यावर त्यांनी वीणा मागितली. साळूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. तुमी टेका जरा." बारा वाजले. बुवा नाहीत. मांडवात एक पोर रडलं, मग दुसरं रडलं. गेल्या सालची दिवेलागण सगळ्यांच्या पोटात जागी झाली. साळूबाईनं खुंटीवरच्या चौदा टाळांकडं पाहिलं, मग बायकांकडं पाहिलं. सगळ्या लहानपणापासून याच मांडवात बसून ऐकत आलेल्या. कुठला चरण कुठं धरायचा, ते त्यांना बाप्यांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. पखवाजावर बहिरूची गोजराबाई बसली. तीस वर्षं त्याच्या पखवाजाला रोज कणीक लावून देणारी तीच होती.

हैबतराव आले तेव्हा साळूबाई पदर खोचून, वीणा गळ्यात घालून देवापुढं उभी होती आणि दृष्टांत देत होती.

"ऐका मायबाप. एक मानूस हुता. नाव घेत न्हाई, नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्दत न्हाई."

मांडव हसला.

"त्याच्या मनात भ्या बसलं, का वाटंत काटा लागंल. मग त्यानं काय केलं? महिनाभर ठिगळं कातरली. चांगल्या ट्यूबला भोकं पाडली. बायकोची परात न्हेली. तीन चौक्या बशिवल्या. अरं बाबा, देवाला आनायला निगालास, आन वाट बगतोस काट्याची? काटा लई मानी. येवडं आवतान दिल्यावर त्यो यील न्हाई तर काय करंल? तेवडी वाट पांडुरंगाची बगितली असतीस, तर त्यो सोता परात घिऊन दारात आला असता. बोला, पुंडलिक वरदा..."

सगळा मांडव गरजला. टाळ असे कडाडले की नथूचे बैल बिथरले. भिवाजीबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसण्याचं की भक्तीचं ते सांगता येत नव्हतं.

"हैबतराव," ते हळूच म्हणाले, "दृष्टांत नेमका बसला हाय."

येसाजीआबांनी बुवांना पाहिलं आणि लगबगीनं उठले. "बुवा आले. सूनबाई, वीणा दे बुवांना."

"आबा, बसा खाली," बुवा म्हणाले. "उभ्या कीर्तनात कोन वीणा काढून घेतं व्हय?" आणि ते तिथंच, पायताणांशेजारी, आपली उशी न घेता मांडी घालून बसले. त्यांच्या मागं दोन चौक्यांचे दहाजण गुपचूप बसले; धुळाजीची टोळी अजून वाटेतच होती. पुढं टाळ धरायची सवय असलेल्या त्या हातांना काय करावं ते सुचेना, म्हणून शेवटी त्यांनी टाळ्यांवर ताल धरला.

हंडी फुटली. साळूबाईनं बुवांच्या ओंजळीत काला घातला, तेव्हा बुवांनी तो आधी कपाळाला लावला. मग गाव जेवायला बसलं. दीड वाजून गेला होता, पण गेल्या सालच्या मानानं ही सकाळच होती. हैबतरावांच्या पत्रावळीवर बुंदी तशीच पडून होती.

जेवणं होताच नथू उठला. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि आबांपुढं हात जोडले.

"आबा, बारा टळून गेलं, समद्या गावानं बगितलं. बुवा देवळात आले त्ये माज्या दमणीतनं. शबुद दिल्याला हाय तुमी."

आबा हैबतरावांकडं वळले. "हैबती, तुजं काय म्हननं?"

हैबतराव उभे राहिले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळं सांगून झालं तरी ते पंक्चरच राहणार होतं. "माजं काय म्हननं न्हाई आबा," ते खाली बघत म्हणाले. "तीन पिढ्या सांबाळला. माज्या हातनं ऱ्हायला न्हाई. द्या नथूला."

नथू उपरणं सावरून मानाचा नारळ घ्यायला पुढं सरला. तेवढ्यात बायकांच्या पंगतीकडून साळूबाईचा आवाज आला.

"आबा, मान आमच्याच घरात ऱ्हाऊ द्या."

हैबतरावांनी मान वर केली. तीस वर्षांच्या संसारात बायको आपल्या बाजूनं बोलल्याचं त्यांना एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"फटफटी ऱ्हाऊ द्या, पंप ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली. "आनि चौक्या तीन कमी पडल्या. म्होरल्या साली पाच बशवा. कढईवरची मानसं बी न्या."

गोजराबाईनं आणि तिच्यामागं बसलेल्या चौदाजणींनी माना डोलावल्या.

"वयनी, आसं कसं?" नथू कळवळून म्हणाला. "माजी दमणी आदल्या सांजंलाच कासारसाईत जाऊन ऱ्हाईल. उजाडायच्या आत बुवा देवळात हजर."

"म्हनूनच नगं," साळूबाई म्हणाली.

येसाजीआबांनी निकालासाठी बुवांकडं पाहिलं. बुवांनी ताकाचा पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि शांतपणे म्हणाले, "आबा, फटफटीच असू द्या. फकस्त औंदा मी शेवटाला आलो. म्होरल्या साली हैबतरावांना सांगा, पंक्चर जरा गावाच्या जवळ करा, म्हंजी मला पयल्यापास्नं ऐकाया घावंल."